रक्त घेण्याआधी अर्धा तास द्या

बेरा या श्रवण तपासणीत बाळ कर्णबधिर निघालं की पहिला प्रश्न बहुधा आजीचा असतो : "आमच्यात कुणालाच नाही, मग हे आलं कुठून?" आणि सगळे सुनेकडे बघतात. गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं होतंस का, हेही निघतं. ऑडिओलॉजिस्ट म्हणून हे ऐकत आल्यामुळे माझा आग्रह आहे, की जनुकीय चाचणीचं रक्त घेण्याआधी घरातल्यांशी निवांत बोलावं. नुसती चिठ्ठी हातात देणं हा त्या आईवर अन्याय आहे.

जन्मजात बहिरेपणाचं एक नेहमीचं कारण म्हणजे जीजेबी-२ या जनुकातला बदल. त्यात आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत येते. दोघांनाही नीट ऐकू येत असतं, म्हणून घराण्यात कुणाला पत्ताच नसतो. पुढच्या प्रत्येक खेपेला शक्यता २५ टक्के. एका वडिलांनी हळूच विचारलं, "मॅडम, मामाची मुलगी केली म्हणून झालं का?" नात्यातल्या लग्नात शक्यता वाढते हे खरं, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे होतं. त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. बायकोसमोरच.

चाचणीचा उपयोग मोठा आहे. अशर सिंड्रोम या प्रकारात पुढे नजरही अधू होते; ते आधी कळलं तर तयारी करता येते. काही दुर्मीळ प्रकारांत हृदयाचे ठोके बिघडतात, तिथे साधा ईसीजी जीव वाचवू शकतो. एक बदल आईकडून येतो आणि तो असलेल्याला जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनाने बहिरेपण येऊ शकतं. म्हणजे मावशी-मामांनाही सावध करता येतं. अशा वेळी दोष पुन्हा तिच्यावर येऊ नये म्हणून आईला जपून सांगावं लागतं.

कधी अहवालात काहीच सापडत नाही, कधी सापडलेल्या बदलाचा अर्थ लागत नाही. तेव्हाही कुणीतरी समोर बसायला हवं. श्रवणयंत्र मात्र अहवालासाठी थांबवू नका. भाषेचे पहिले महिने परत मिळत नाहीत.

"आत्ता नको" म्हणायचा हक्क पालकांना आहे. पुढच्या बाळाचा निर्णयही त्यांचाच. मी मत देत नाही. तो निर्णय घेण्याआधी शिकून कमावत्या झालेल्या कर्णबधिर तरुणांना एकदा भेटा, एवढं मात्र आवर्जून सांगते.