चावी देण्याआधी लायसन्स बघा!

पावसाळ्यातला रविवार. भुशी डॅमला जायचं ठरलं आणि आमच्या विंगमधल्या एका सिनिअरने माझ्या बाईकची चावी मागितली. मी दिली. संध्याकाळी परत आल्यावर तो हसत हसत म्हणाला, "अरे, माझं लायसन्स तीन महिने सस्पेंड आहे. पण बघतंय कोण?" आम्हीही हसलो. नंतर सहज कायदा उघडून बघितला आणि माझं हसू पळालं.

मी कॉन्व्हेंटवाला, मराठीत चुका होतील, सांभाळून घ्या. पण मुद्दा साधा आहे. मोटार वाहन कायदा 2019 मध्ये बदलला. दारू पिऊन किंवा बेफाम गाडी चालवताना पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं, तर पहिल्या वेळी तीन महिने बंदी, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द होऊ शकतं. इथपर्यंत झकास! पण त्यानंतरही जो गाडी चालवतो त्याचं काय? कलम 182 म्हणतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पहिल्यांदा सापडला तरी तेच, पाचव्यांदा सापडला तरी तेच! दारू पिऊन चालवण्याच्या कलम 185 मध्ये मात्र दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मग इथेच सवलत कशाला?

कुणी म्हणेल, कामशेतच्या जीपवाल्याचं पोट गाडीवर आहे, त्याला जेलमध्ये टाकणार का? पहिल्यांदा दंड करा, मान्य. पण तिसऱ्यांदा सापडला तर कैद हवीच. लायन्स पॉइंटच्या रस्त्याला कणसं भाजत बसणाऱ्या मावशींनाही पोट आहे, आणि त्यांच्या पाठीशी गाड्या वळत असतात.

अडचण एकच, असा माणूस सापडायचा कसा? एक्सप्रेस-वेवरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि चलान मालकाला जातं. चालवणाऱ्याचं लायसन्स रद्द आहे का, हे त्यातून कळत नाही. ते कळू शकतं चावी देणाऱ्याला. आणि कलम 180 त्याच्यासाठीच आहे. वैध लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली, तर मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे त्या रविवारी काही झालं असतं, तर पोलिसांनी मलाही विचारलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कुणी चावी मागितली की मी आधी लायसन्स दाखवायला सांगतो. विंगमध्ये सगळे मला 'आरटीओ' म्हणतात. म्हणू देत. तुम्ही पण विचारा ना राव!