मेंटॉर कॉलेज आलं, चहा प्यायलं आणि गेलं!

दोन वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागला होता, आठवतंय? शहरातलं एक नामांकित कॉलेज आपलं ‘मेंटॉर’ झालं होतं. हॉस्टेलवर त्या रात्री मेसमध्ये एकच चर्चा. आता मोठ्या कंपन्या येणार, पॅकेज वाढणार, आपली लाइफ सेट! कुणीतरी तर मेसच्या भाजीतही सुधारणा होईल अशी आशा व्यक्त केली.

मग पाहुणे आले. दोन दिवस राहिले. कोर्स फाइली बघितल्या, सीओ-पीओ मॅपिंग तपासलं, सेमिनार हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं, चहा-समोसे झाले आणि गाडी गेली. आम्हा विद्यार्थ्यांशी त्यातला कुणी बोलला असेल तर तो ‘टॉयलेट कुठे आहे?’ एवढंच.

मला टोमणा मारायचा नाहीये. पाहुण्यांचा दोष थोडाच. योजनाच तशा असतात. युजीसीने 2019 मध्ये ‘परामर्श’ योजना काढली. नॅकमध्ये 3.26 किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या कॉलेजने पाच कॉलेजांचा हात धरायचा. कशासाठी? तर त्यांनाही नॅक मिळावं म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण नॅकची तयारी फाइलीतून होते आणि नोकरीची तयारी हातातून. मेंटॉरने फाइल सुधारली तर फाइलच सुधारणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आता आडाबद्दल सांगतो. थर्ड इयरला पुण्याजवळच्या एका कंपनीत माझा इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. समोरच्या साहेबांनी विचारलं, “टूल ऑफसेट म्हणजे काय?” मी धाडधाड व्याख्या सांगितली, जर्नलमध्ये लिहिली होती तशीच. साहेब हसले. “छान. तू स्वतः कधी घेतलायस का?” मी गप्प. आपल्या वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथ आहे, पण तो निळ्या कव्हरखाली आहे. प्रॅक्टिकलला कव्हर निघतं, वीस जण गोल करून उभे राहतात, काका बटण दाबतात, कव्हर परत लागतं. मशीन बिघडलं तर भरणार कोण, ही काकांची भीती खरी आहे, कारण भरायला त्यांनाच लावतील.

त्याच डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहा जण त्या मेंटॉर कॉलेजात पंधरा दिवस राहून आलो. योजनेत हे नव्हतंच. आपल्या एका सरांनी स्वतः फोनाफोनी करून जमवलं. तिथे काय वेगळं होतं? मशीन आपल्यासारखंच, उलट जरा जुनंच. सिलॅबस तोच. पोरंसुद्धा तीच, चहाच्या टपरीवर उधारी ठेवणारी. पण लॅबची चावी टीईच्या विद्यार्थ्याकडे होती! तिसऱ्या दिवशी आमच्यासमोर एका मुलाने ऑफसेटचं चिन्ह चुकवलं, प्लसचं मायनस. टूल थेट जॉबवर आदळलं, इन्सर्ट तुटला, आवाज असा की आम्ही दोन पावलं मागे. तिथले काका शांतपणे म्हणाले, “आता परत घे. आधी एअर कट मार.” म्हणजे जॉब न लावता हवेतच प्रोग्रॅम चालवून बघ. एवढंच! मला त्या एका वाक्यात जे कळलं ते चार सेमिस्टरच्या टर्मवर्कमध्ये कळलं नव्हतं.

मेंटॉरिंग म्हणायचं तर याला. माणसं जाऊन राहिली पाहिजेत. इतिहास काढून बघा. आयआयटी कानपूर 1959 मध्ये दुसऱ्या एका संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत सुरू झाली. (आपल्या कँटीनवाल्या अण्णांनी याची नोंद घ्यावी!) 1962 ते 1972 अशी दहा वर्षं अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी तिला हात दिला. तिथले प्राध्यापक इथे येऊन राहिले, शिकवलं, लॅब उभ्या केल्या. पवईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत रशियाची मदत होती. आणि पुढे त्याच पवईने 2008 मध्ये गांधीनगरला, 2009 मध्ये इंदूरला बोट धरून चालवलं. म्हणजे आज जो मेंटॉर आहे तोही कधीतरी कुणाचा तरी ज्युनिअर होताच.

पण तुम्ही म्हणाल, त्या आयआयटी, त्यांना पैसा मिळतो. बरोबर. म्हणून टेक्विपचं उदाहरण घेऊ. जागतिक बँकेच्या मदतीच्या या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, 2017 पासून, चांगल्या कॉलेजांची बिहार, झारखंड, आसाम अशा राज्यांतल्या कॉलेजांशी जोडी लावली. शिवाय आयआयटी-एनआयटीतून शिकलेले बाराशेहून जास्त तरुण तिथल्या सरकारी कॉलेजांत शिकवायला पाठवले. कल्पना झकास! पण करार तीन वर्षांचे. मुदतवाढ मिळत मिळत सप्टेंबर 2021 मध्ये प्रकल्प संपला आणि त्यातल्या कित्येकांना घरी बसावं लागलं, आंदोलनं झाली. ज्यांच्या भरवशावर एखादा विषय उभा राहिला असेल तेच निघून गेले. कानपूरला दहा वर्षं, यांना जेमतेम चार. एवढ्यात आपल्याकडे एक बॅच तेवढी पास आउट होते, तीही एटीकेटी नसेल तर.

प्लेसमेंटचंही बोलायला हवं. पूल कॅम्पसला आपल्याला बोलावतात, पण मोठ्या कंपन्या आधी त्यांच्या पोरांना भेटून जातात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना याचा राग येतो. मला येत नाही. त्यांच्या हॉस्टेलवर राहिल्यामुळे असेल, पण त्यांच्यातही आठ-दहा इंटरव्ह्यू देऊन रिकाम्या हाताने रूमवर येणारे पाहिले. त्याने आपली कंपनी आपल्याला का द्यावी? मेंटॉरकडे कंपनी मागण्यात अर्थ नाही. चावी मागावी, प्रश्नपत्रिका मागाव्यात. त्यांचा पेपर ‘डिझाइन करा’ म्हणतो, आपला ‘टीप लिहा’ म्हणतो. आपल्या स्टाफरूममध्ये हे वाक्य आवडणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितो. सर, राग नसावा.

आणि आता आमची स्वतःची गोष्ट. परत आल्यावर आम्ही सहा जणांनी काय केलं? फोटो स्टेटसला टाकले. सर्टिफिकेट सीव्हीत लावलं. दोन महिने तोंडाने ‘तिकडे असं असतं’ एवढंच चालू होतं. शेवटी एका एसईच्या पोराने मेसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “दादा, मग आम्हाला कधी दाखवणार?” मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या काकांकडे गेलो. ते ऐकेनात. मग सरांनी एका कागदावर लिहून दिलं, इन्सर्ट तुटला तर खर्च विभागाचा. कागद काकांनी घडी करून खिशात ठेवला आणि कव्हर काढलं. आजवर चार इन्सर्ट तुटलेत, त्यातला एक माझ्या हातून.

शनिवारी दुपारी दोन ते पाच चालू असतं. एका वेळी सहाच जण, म्हणून काकांकडच्या वहीत आधी नाव टाका. बूट घालून या, चप्पल चालणार नाही. मे महिन्यात आम्ही सहाही जण बाहेर पडू. टीईच्या दोघांनी चावी घ्यायची तयारी दाखवली आहे, अजून दोघं हवेत. आणि गावातल्या पॉलिटेक्निकची चार पोरं परवा वर्कशॉपच्या दारात उभी राहून विचारत होती, आम्ही आलो तर चालेल का? काका म्हणाले, साहेबांना विचारून सांगतो. अर्ज सरांच्या टेबलावर आहे.