ओली थंडी, कोरडी थंडी आणि हातमोज्यांची निवड

हिवाळ्यात घराबाहेर हाताने काम करणाऱ्या माणसाने हातमोजे घेताना ‘किती जाड?’ हा प्रश्न आधी विचारू नये. ‘काम करताना ते किती भिजणार?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि जाडीचा विचार त्यानंतर करावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. कॅनडात नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिल्या हिवाळ्याची खरेदी बहुधा याच्या उलट क्रमाने होते. जॅकेट आणि बूट चौकशी करून, चार ठिकाणी पाहून घेतले जातात. हातमोजे मात्र दोन बोटांत दाबून पाहिले जातात आणि जो जोड सर्वांत फुगीर लागेल तो उचलला जातो. घरापासून बसथांब्यापर्यंत जाण्यापुरता हा जोड पुरतो, पण दारासमोरचा बर्फ उपसणे, गाडीच्या काचा खरवडणे, सायकलवरून जेवण पोहोचवणे किंवा गोदामाच्या धक्क्यावर माल उतरवणे ही कामे सुरू झाली की तासाभरात त्याचा पोकळपणा उघड होतो.

याचे कारण समजण्यासाठी बोटांची रचना लक्षात घ्यावी लागते. बोटे हलवणारे स्नायू प्रामुख्याने तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. प्रत्यक्ष बोटात हाड, स्नायुबंध, रक्तवाहिन्या आणि त्वचा एवढेच असल्यामुळे बोट स्वतः फारशी उष्णता निर्माण करू शकत नाही आणि त्याला रक्ताबरोबर येणाऱ्या उबेवरच विसंबावे लागते. शिवाय ते बारीक आणि लांब असल्याने आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो व ऊब लवकर निघून जाते. त्यातच शरीर थंड पडू लागले की हृदय आणि मेंदू जपण्यासाठी हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; या क्रियेला वाहिनीसंकोच म्हणतात. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली उतरले की हालचालीतली सफाई कमी होते, त्याहून खाली स्पर्श हरपतो आणि शेवटी ऊती गोठून हिमदंश होतो. हातमोजा ऊब तयार करीत नाही, तो आलेली ऊब फक्त राखतो. म्हणून डोके आणि छाती उघडी ठेवून केवळ हातमोजे जाड करण्याने हात गरम राहत नाहीत.

ही राखण हातमोज्याचे कापड करीत नसून त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे अस्तर भिजून हवेची जागा पाण्याने घेतली की कालपर्यंत ऊब देणारी जाडी त्याच क्षणापासून ऊब पळवू लागते. शून्य अंशाच्या आसपासचा भिजका दिवस उणे १५ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा हातांना अनेकदा अधिक जाचतो, तो यामुळेच. विनिपेगमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते आणि तिथला बर्फ कोरड्या पिठासारखा झटकला जातो. टोरांटोत पारा शून्याच्या खाली-वर होत राहतो आणि तोच बर्फ चिखल होऊन फावड्याच्या दांड्याला, गाडीच्या दाराला व पर्यायाने हातमोज्याला चिकटतो. रस्त्यावर टाकलेले मीठ यात भर घालते. मिठाचे संपृक्त द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते, म्हणजे मीठ पडलेल्या रस्त्यावरचे पाणी शून्याखाली असूनही पाणीच राहते आणि हातमोज्यात मुरते. थंडी ओली की कोरडी, हे ओळखणे ही म्हणून निवडीची पहिली पायरी ठरते.

पाणी अडवण्याच्या तीन रीती बाजारात आढळतात आणि त्यांतील फरक समजून घेतल्याशिवाय डब्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला अर्थ येत नाही. पहिली रीत म्हणजे विणलेल्या उबदार अस्तरावर रबर, पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन यांचा अखंड लेप देणे. अशा हातमोज्याच्या बाहेरच्या अंगाला शिवणच नसते, म्हणून पाणी शिरण्याची वाट उरत नाही. मासेमारी आणि शीतगृहांतील कामगार असेच हातमोजे वापरतात. त्यांतील पीव्हीसी कडाक्याच्या थंडीत ताठर होते, पॉलियुरेथेन तुलनेने लवचीक राहते. दुसरी रीत पापुद्र्याची आहे. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई हे प्लास्टिक झटक्याने ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे निर्माण केली. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. अशा पापुद्र्याची पिशवी बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांच्या मधोमध बसवतात. तिसरी रीत सर्वांत जुनी, मेण चोळलेल्या चामड्याची; चामडे फावड्याचे घर्षण उत्तम सोसते, पण ते पाणी थोपवते, पूर्ण अडवत नाही, आणि मिठाने कडक होऊन तडकते.

यांपैकी पापुद्र्याचा हातमोजा सर्वांत महाग असतो, म्हणून तोच सर्वोत्तम असा समज रूढ आहे. हा समज तपासून घेतला पाहिजे. पापुद्रा मधल्या थरात असल्यामुळे बाहेरचे कापड भिजले तरी हात कोरडा राहतो हे खरे. परंतु भिजलेले कापड जड आणि थंड होते, वाफेला बाहेर पडू देत नाही आणि आतला हात गारठतोच. अस्तर पापुद्र्याला नीट चिकटवलेले नसेल, तर घामेजलेला हात काढताना बोटांचे अस्तर उलटे होऊन बाहेर येते आणि गारठलेल्या बोटांनी ते पुन्हा आत ढकलणे जवळजवळ अशक्य होते. बर्फ आणि पाणी सतत हाताळायचे असेल, तर कितीतरी कमी किमतीचा लेप दिलेला हातमोजा महाग पापुद्र्याहून अधिक भरवशाचा ठरतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की अखंड लेपामुळे पाणी बाहेर अडते तसा घामही आत अडतो आणि हात आतून भिजतो. आक्षेप योग्य आहे, पण त्यावरचा उपाय जलरोधकता सोडून देणे हा नसून दोन जोड बाळगणे हा आहे. एका उत्तम जोडाच्या किमतीत बहुधा दोन साधे जोड येतात; एक भिजला की दुसरा चढवावा आणि पहिला उलटा करून वाळवावा, मात्र चामड्याचा असेल तर तो हीटरवर ठेवू नये. आत लोकरीचा पातळ मोजा घातल्यास लाभ वाढतो, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला फारशी ओली लागत नाही. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांच्या पिढ्यांनी हेच तत्त्व वापरले आहे.

कोरड्या आणि तीव्र थंडीचा न्याय वेगळा आहे. तिथे चार बोटांना एकच कप्पा असणारा मिटन हा प्रकार पाच बोटांच्या हातमोज्याहून श्रेष्ठ ठरतो, कारण बोटे परस्परांना ऊब देतात आणि उघडा पृष्ठभाग घटतो. कार्यस्थळ-सुरक्षेची उत्तर अमेरिकेतील प्रचलित सूत्रे उणे १७.५ अंशांखाली मिटनच सुचवतात. इन्युइट समाजाने ही विभागणी फार पूर्वी केली : कोरड्या थंडीसाठी कॅरिबूच्या कातड्याचे आणि ओल्या कामासाठी सीलच्या कातड्याचे मिटन. वाऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. २००१ पासून वापरात असलेल्या वातशीत निर्देशांकानुसार उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे २० सारखा जाणवतो, आणि हा निर्देशांक उणे २८ च्या खाली गेला की १० ते ३० मिनिटांत हिमदंशाचा धोका संभवतो.

माप आणि मनगट या दोन गोष्टींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. घट्ट हातमोजा अस्तरातली हवा दाबून काढतो आणि रक्तप्रवाहही अडवतो. म्हणून मूठ वळल्यावर बोटांच्या टोकांशी थोडी जागा उरली पाहिजे. हात खाली ठेवून फावडे चालवताना जॅकेटची बाही हातमोज्यावर असावी, म्हणजे पडता बर्फ आत जात नाही. हात वर करून छतावरचा बर्फ ओढताना किंवा शिडीवर काम करताना हातमोज्याचे मनगट बाहीवर असावे, अन्यथा ओघळणारे पाणी थेट कोपरापर्यंत पोहोचते. पेट्रोल भरताना तर साधा कापडी हातमोजा घातकच, कारण पेट्रोल शून्याखालीही द्रव राहते आणि बोटांवर सांडून उडून जाताना त्वचेतली उष्णता झपाट्याने ओढून घेते.

विक्रेत्याच्या शब्दापलीकडे पाहण्यासाठी ‘ईएन ५११’ या युरोपीय मानकाची हिमकणाची खूण उपयोगी पडते. तिच्याखाली तीन अंक असतात : पहिला हवेतून लागणाऱ्या थंडीविरुद्धचे संरक्षण सांगतो, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाविरुद्धचे, आणि हे दोन्ही ० ते ४ या श्रेणीत असतात, तिसरा अंक पाण्याचा असून तो १ असेल तर ठरलेल्या चाचणीत पाणी आत शिरलेले नसते, आणि ० असेल तर ते शिरलेले असते. ओल्या थंडीत काम करणाऱ्याने हा शेवटचा अंक सर्वांत आधी वाचावा. खूण नसेल, तर आत कागदी रुमाल ठेवून हातमोजा घातलेला हात पाच मिनिटे बादलीतल्या पाण्यात उघडझाप केल्याने तेवढाच निर्णय घरी होतो.

हा विषय केवळ खरेदीचा नाही. शिक्षणासाठी येणारे अनेक तरुण पहिल्या हिवाळ्यातच सायकलवरची, गोदामातली किंवा बर्फ उपसण्याची कामे धरतात, आणि त्यांना ओली थंडी कशी असते हे कोणी सांगितलेले नसते. ऑन्टारियोच्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा कायद्यात घराबाहेरच्या कामासाठी किमान तापमान ठरवलेले नसले, तरी कामगाराच्या संरक्षणासाठी परिस्थितीनुसार वाजवी ती सर्व काळजी घेण्याचे बंधन मालकावर आहे आणि असुरक्षित काम नाकारण्याचा अधिकार कामगाराला आहे; हे माहीत नसल्याने अनेक जण बधिर बोटांनी काम रेटत राहतात. नवागतांना मराठी मंडळे ज्या सूचना देतात, त्यांत म्हणूनच ‘जाड हातमोजे घ्यावेत’ एवढे मोघम वाक्य असू नये. त्याजागी असे लिहावे : लेप दिलेले, अस्तरासह, बोटांशी जागा उरेल अशा मापाचे दोन जोड, कडाक्यासाठी एक मिटन, आणि बोटे दुखायची थांबून बधिर झाली की काम तिथेच थांबवून आत यावे.