मेल्या, थांब जरा!

माळ्यावरून गणपतीचं मखर काढताना सीडींचा डबा सापडला. तळाशी मार्करने नुसतं ‘टायपिंग’ लिहिलेली एक सीडी. आईला वाटलं, माझ्या क्लासची असेल. निघाली ‘द टायपिंग ऑफ द डेड’.

हा खेळ ज्याने पाहिलेला नाही त्याला समजावून सांगू लागलं, की तो आपल्यालाच वेड्यात काढतो. सेगाने 1998 साली ‘द हाउस ऑफ द डेड 2’ काढला. पडद्यावर प्रेतं अंगावर येतात, आपण प्लास्टिकच्या पिस्तुलाने ती उडवायची. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच खेळातलं पिस्तूल काढून कीबोर्ड बसवला. गल्ल्या त्याच, प्रेतंही तीच. फक्त प्रत्येकासमोर एक शब्द. प्रेत पोहोचायच्या आत तो टाइप केला तर गोळी सुटते. कुणी कुऱ्हाड भिरकावली तर तिच्यावर एकच अक्षर, कारण तेवढीच सवड असते. काही जण आख्खी वाक्यं घेऊन येतात, तीही इतकी असंबद्ध, की हसण्यात जीव जातो. आणि आपले नायक? पाठीला सेगाचंच यंत्र, पोटावर कीबोर्ड, चेहरे मात्र मयताला आल्यासारखे.

माझी त्याच्याशी गाठ 2002 च्या सुट्टीत पडली. तेव्हा डोंबिवलीत दहावीचा शेवटचा पेपर टाकला, की दुसऱ्या दिवशी टायपिंगचा क्लास. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द हवेत, हे घराघरात पाठ. आमच्या क्लासच्या वरच्याच मजल्यावर सायबर कॅफे होता. खाली तासभर ‘एएसडीएफ’ बडवायचं आणि उरलेल्या पैशांत वर जाऊन प्रेतं मारायची.

खरं सांगतो, भीती खालीच जास्त होती. टाइपरायटरवर चुकीचं अक्षर उमटलं की उमटलं. बॅकस्पेस नुसती गाडी मागे नेते, चूक जागेवरच. वर निदान चुकीचं अक्षर लागतच नसे. पण बरोबर सापडेपर्यंत समोरचा चालत राही. करंगळीने ‘ए’ दाबायची सवय मला सरांच्या पट्टीने लागली नाही, ती लागली कुऱ्हाडींमुळे.

आता क्लासच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान आहे. गोदरेजने 1955 साली सुरू केलेले टाइपरायटर 2009 मध्ये थांबवले. कॅफे त्याच्याही आधी गेला.

सीडी घेणारा डेस्कटॉप कल्याणला ताईकडे होता. रविवारी आईला घेऊन गेलो. बऱ्याच खटपटीनंतर खेळ सुरू झाला. प्रेतं आता पुठ्ठ्याची वाटतात. संवाद तेव्हाही वाईटच होते, आता तर कानाला गोड लागतात. भाचा अकरा वर्षांचा. मोबाइलवर त्याचे अंगठे दिसत नाहीत इतके पळतात; पण कीबोर्डवर दोन बोटं, आणि पहिल्याच वळणावर गडी खलास. मी दुसऱ्या राक्षसापर्यंत पोहोचलो. पूर्वी तिथे पोहोचेपर्यंत घाम यायचा. या वेळी मनगट दुखलं.

मग आई म्हणाली, “सरक बघू.”

आईने फोर्टातल्या एका ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलं. चष्मा सारखा केला, पाठ ताठ केली, आठही बोटं जागेवर ठेवली. टायपिस्ट बोटांकडे बघत नाही, कागदाकडेही बघत नाही. बघतो फक्त मजकुराकडे. त्यामुळे प्रेत तिला दिसलंच नाही. तिला शब्द दिसला, तो तिने उतरवून काढला, मुडदा पडला. दुसरा, तिसरा. भाचा तोंड उघडं टाकून बघत होता.

“आजी, घाबर ना जरा!”

“कशाला? याचं स्पेलिंग सोपं आहे.”

एकदा तिघं एकदम आले. तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघालं, “अरे मेल्या, थांब जरा!” ही शिवी मी जन्मभर खाल्ली, योग्य माणसाला पडलेली पहिल्यांदाच ऐकली.

पुढे एक लांबलचक वाक्य आलं. शेवटच्या अक्षरावर आईचा डावा हात आपसूक वर उठला, कॅरेज सरकवायला. तिथे कॅरेज नव्हतं. ताईने ठेवलेला चहाचा कप होता.