सेर्ब्स्की यांच्या नावाची पाटी

मॉस्कोतील न्यायवैद्यक मनोरोगशास्त्राच्या ज्या संस्थेत १९६० व १९७० च्या दशकांत सरकारविरोधी मते बाळगणाऱ्या माणसांना मनोरुग्ण ठरविण्यात आले, तिला व्लादिमीर सेर्ब्स्की यांचे नाव आहे. संस्था १९२१ साली स्थापन झाली. सेर्ब्स्की १९१७ मध्येच वारले होते. आपले नाव कोठे लावले जावे, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. हाती असते तर त्यांनी काय केले असते, याचा अंदाज त्यांच्या चरित्रावरून बांधता येतो. रशियातील मनोरोगशास्त्राच्या अधःपाताचा सारा दोष एका हुकूमशहाच्या माथी मारून आपण समाजवादी मोकळे होऊ शकत नाही, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

सेर्ब्स्की हे सेर्गेई कोर्साकोव यांचे शिष्य. दीर्घकालीन मद्यपानाने स्मृती ढासळण्याच्या ज्या विकाराला आज कोर्साकोव यांचे नाव आहे, त्याचे वर्णन त्यांनी १८८७ च्या सुमारास केले. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्धही ते आयुष्यभर झगडले. त्या काळी प्रांतोप्रांतीची मनोरुग्णालये 'झेम्स्त्वो' या स्थानिक स्वराज्य संस्था चालवीत. त्यांत जमीनदारांचे वर्चस्व होते आणि पैशाची सदैव चणचण असे, हे खरे. पण तेथील डॉक्टरचा पगार पीटर्सबर्गच्या मंत्र्याकडून येत नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पगार कोण देतो हा प्रश्न आधी सुचतो, आणि या कथेत तो अस्थानी नाही.

विद्यापीठातले प्राध्यापक मात्र सरकारी नोकर होते. म्हणूनच १९११ ची घटना मोठी ठरते. शिक्षणमंत्री कासो यांनी विद्यार्थ्यांच्या सभांना बंदी करून विद्यापीठात पोलिसांना मोकळे रान दिले. मॉस्को विद्यापीठाचे कुलगुरू मानुइलोव (हे अर्थशास्त्रज्ञ होते, याचा प्रस्तुत लेखकास थोडा अभिमान वाटतो) यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह पदत्याग केला, तेव्हा मंत्र्यांनी तिघांची प्राध्यापकीही काढून घेतली. त्याच्या निषेधार्थ शंभरावर अध्यापक बाहेर पडले. त्यांत भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव होते, वेर्नाद्स्की होते, आणि गुरूचे चिकित्सालय व अध्यासन यांवर पाणी सोडणारे सेर्ब्स्कीही होते.

दोनच वर्षांनी कीएव्हमध्ये मेंडेल बेलिस खटला उभा राहिला. वीटकारखान्यातील या ज्यू कारकुनावर, धार्मिक विधीसाठी एका ख्रिस्ती मुलाचा खून केल्याचा आरोप होता. सिकोर्स्की या नामांकित मनोरोगतज्ज्ञाने सरकारपक्षाच्या बाजूने आपली विद्वत्ता खर्ची घातली. त्यांच्या विरोधात साक्षीला उभे राहिले व्लादिमीर बेख्तेरेव. जखमांवरून खुन्याचा धर्म वा वंश ओळखता येत नाही, असे या थोर मज्जाविकारतज्ज्ञाचे म्हणणे होते. बेलिस सुटला, बेख्तेरेव यांना लष्करी वैद्यकीय अकादमी सोडावी लागली. पण १९०७ साली त्यांनी स्वतःच उभारलेली, स्त्रियांना प्रवेश देणारी आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा न घालणारी संस्था त्यांच्या पाठीशी होती. उभे राहायला दुसरी जागा होती.

क्रांतीनंतरच्या सरकारने विज्ञानाची उपासमार केली, असे कोणी म्हणेल तर ते असत्य होईल. १९१८ मध्ये बेख्तेरेव यांच्या नेतृत्वाखाली मेंदूच्या अभ्यासाची नवी संस्था निघाली. जानेवारी १९२१ मध्ये, देश अन्नाला मोताद असताना, लेनिन यांच्या सहीने पावलोव यांच्या संशोधनासाठी आणि शिध्यासाठी खास आदेश निघाला. पावलोव राजवटीचे उघड टीकाकार होते. १९३४ साली त्यांनी दहशतीविरुद्ध थेट सरकारलाच पत्र लिहिले. त्यांना हात लावला गेला नाही. पण ही कृपा होती, हक्क नव्हे. झेम्स्त्वो गेल्या, खाजगी संस्था गेल्या, डॉक्टरांच्या स्वतंत्र संघटना गेल्या. देशात एकच धनी उरला. (बेख्तेरेव यांच्या १९२७ मधील आकस्मिक मृत्यूविषयी स्टालिनचे नाव घेऊन अनेक कथा सांगतात. पुराव्यावाचून त्यांना येथे थारा देण्याचे कारण नाही.)

त्या धन्याने १९५० साली मृत पावलोव यांच्याच नावाने संयुक्त अधिवेशन भरविले आणि त्यांचे पट्टशिष्य ओर्बेली यांनाच पावलोवद्रोही ठरवून पदच्युत केले. पुढचा मार्ग उताराचा होता. 'मंदगती स्किझोफ्रेनिया' नावाच्या निदानात समाज सुधारण्याचा ध्यास हेही लक्षण ठरले. जनरल ग्रिगोरेंको यांना १९६९ मध्ये ताश्कंदच्या तज्ज्ञांनी शहाणे ठरविले. काही महिन्यांतच सेर्ब्स्की संस्थेने वेडे ठरविले. १९७१ साली कीएव्हच्या सेम्योन ग्लुझमन या तरुण डॉक्टरने त्यांच्या शहाणपणाचा अहवाल लिहिला. त्याला सात वर्षे सक्तमजुरी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली. १९१३ साली ज्या शहरात बेख्तेरेव यांनी साक्ष दिली तेच हे शहर. फरक एवढाच की ग्लुझमनला उभे राहायला दुसरी जागा नव्हती.

भांडवली देशांतही मनोरोगशास्त्राचा दुरुपयोग झाला, असे आपले काही मित्र म्हणतील. झालाच आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यसेवेची मागणी ते नव्हे, आपण करतो. तेव्हा सेवा सरकारने चालवावी आणि निदान मात्र सरकारच्या हाती नसावे, ही व्यवस्था कशी लावायची याचे उत्तर देण्याची जबाबदारीही आपलीच आहे. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये, राजकीय वा धार्मिक मतभिन्नतेवरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तरतूद उत्तम आहे. पण त्याच कायद्याने नेमलेल्या राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी राज्याचे आरोग्य सचिव बसतात. ही खुर्ची सचिवांकडून काढून स्वतंत्र व्यक्तीकडे द्यावी, अशी दुरुस्ती पक्षाच्या आरोग्यविषयक धोरणात यावी, अशी माझी सूचना आहे.