उंबरखिंड समजून घ्यायची असेल, तर आधी नकाशा वाचायला शिका

१/ फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने धाडलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात निघाला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला. प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण ती कोंडी नेमकी कशी झाली, हे आपल्यापैकी किती जण कागदावर बोट ठेवून दाखवू शकतील? #थ्रेड

२/ माझे मत आरंभीच मांडते. मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी वाचता येणे जितके आवश्यक, तितकेच समोच्च रेषांचा कागदी नकाशा वाचता येणेही आवश्यक आहे. आपण मात्र तो ‘भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचा विषय’ म्हणून सोडून देतो.

३/ त्याचा परिणाम असा की, ‘गनिमी कावा’ हा शब्द उच्चारला की स्पष्टीकरण पूर्ण झाले असे आपण मानतो. शौर्याचे वर्णन होते. त्यामागची बुद्धी अदृश्य राहते. जागेची निवड हाच ज्या विजयाचा गाभा होता, तो विजय आपण जागा वगळून सांगतो.

४/ भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजेच टोपोशीट, घ्या. प्रमाण १:५०,०००, अर्थात कागदावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. तपकिरी रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. दर वीस मीटरला एक रेषा. रेषा विरळ असतील तर पठार, दाटल्या तर कडा.

५/ आता हिशेब करा. लोणावळ्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर. घाट उतरताना पाचशे मीटर खाली यावे लागले, तर वाटेत पंचवीस रेषा ओलांडाव्या लागतात. कुरवंडे घाटाखाली या रेषा इतक्या दाटतात की कागदच तपकिरी दिसू लागतो. अवजड सामानासह हा उतार उतरलेली फौज सहजासहजी परत चढू शकत नाही.

६/ दुसरा नियम : रेषांची टोके चढाच्या दिशेने वळली असतील तर ती घळ, उताराच्या दिशेने वळली असतील तर ती सोंड. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मी पहिल्याच खेपेस चुकले.

७/ दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे चावणी गावाकडून उंबरखिंडीच्या परिसरात गेलो होतो. मोबाइल मुद्दाम पिशवीत ठेवले होते. तासाभराने कळेना की आपण मुख्य खोऱ्यात आहोत की बाजूच्या घळीत. समोर सोंड, मागे सोंड, वर झाडी. आपण कुठे आहोत हे मी ठामपणे सांगत होते आणि साफ चुकत होते.

८/ ओळखीचे एकच ठिकाण दिसत होते : वर, नागफणीचे टोक. होकायंत्राने त्याची दिशा घेतली आणि नकाशावर त्या टोकापासून आपल्या बाजूस रेषा ओढली. ती रेषा ज्या ओढ्याला छेदत होती, तिथे आम्ही होतो. मी समजत होते त्याहून सुमारे अर्धा किलोमीटर दूर, एका बाजूच्या घळीत.

९/ त्या क्षणी १६६१ मला प्रथमच समजले. खाली असलेल्याला काहीच दिसत नाही. माथ्यावर असलेल्याला सारे दिसते. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या अरण्याचे आणि अरुंद वाटेचे वर्णन मी वाचले होते. ते काव्यालंकार नव्हते, तो भूप्रदेशाचा तपशील होता, हे नकाशा हाती असताना उमगले.

१०/ ‘मोबाइलवर हे सारे दिसते, मग कागद कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. वाट चुकलेल्याने मोबाइल जरूर वापरावा. पण तिथे निळा ठिपका आपल्यासाठी उत्तर देतो. कागद आपल्याकडून उत्तर मागतो. पुराव्यावरून अनुमान काढणे आणि ते चुकले की दुरुस्त करणे, हीच तर इतिहासाची रीत आहे.

११/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर : मावळ्यांकडे कुठे टोपोशीट होते? नव्हतेच. त्यांचे ज्ञान पायांत आणि स्थानिकांच्या स्मरणात होते. शिवाय हे नकाशे ज्या परंपरेतून आले, ती साम्राज्याच्या सोयीची. १८०२ साली मद्रासेहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटी वारला. मोजणी आणि सत्ता हातात हात घालून आल्या.

१२/ म्हणूनच नकाशाही दस्तऐवजासारखा तपासून वाचावा. कोपऱ्यातील सर्वेक्षणाचे वर्ष आधी पाहावे. आजच्या पत्रकावर मुळशीचे विस्तीर्ण निळे पाणी दिसते. सतराव्या शतकात तिथे नांदती गावे आणि शेते होती. धरण विसरून जो जुन्या वाटा शोधेल, तो फसेल. आणि जिथे नकाशा गप्प असेल, तिथे गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे.

१३/ पूर्वी सबब होती. किनारपट्टी आणि सीमेलगतच्या पट्ट्यातील तपशीलवार नकाशे दीर्घकाळ प्रतिबंधित होते. कोकण त्यातच येई. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी स्वतंत्र ‘ओपन सीरिज’ आणली. आज तिची अनेक पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. ती सबब आता उरलेली नाही.

१४/ आरंभ घरापासून करा. आपल्या तालुक्याचे पत्रक छापून घ्या. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवा. निळे म्हणजे बारमाही पाणी, काळा ओढा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा. उन्हाळी मोहिमेत फौज कुठे तळ देईल, ते ठरवा. मग जवळच्या गडावर जा आणि आपले उत्तर पडताळून पाहा.

१५/ महाराजांच्या विजयांना आपण अनेकदा दैवी म्हणतो आणि तो गौरव समजतो. मला वाटते, ती जागा कोणी, का आणि किती विचारपूर्वक निवडली हे दाखवता येणे, हा त्याहून मोठा गौरव आहे. आपल्या परिसरातील एखादी लढाई अशी नकाशावर मांडून पाहिलीत, तर खाली जरूर लिहा. चुकलेले अंदाजही लिहा. माझा वर दिलाच आहे.