नोटेची प्रतवारी

आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्याच्या वांटण्या चालल्या आहेत. भांड्याकुंड्यांचा निकाल लागला. पण एका पोथीच्या बासनांतून दोन रुपयांची जुनी नोट निघाली आणि सगळें तिथेंच अडलें. नोटेवर सहाव्या जॉर्ज बादशहांचें चित्र व चिंतामणराव देशमुखांची सही. दोन रुपयांच्या ह्या नोटा १९४३ सालीं, युद्धकाळांत निघाल्या; त्याच वर्षीं चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. नोटेभोंवतीं चिठ्ठी होती : ‘भाऊबीज, शके १८६६.’ अक्षर आजेसासूबाईंचें. भावाची ओवाळणी त्यांनीं खर्चिलीच नव्हती.

धाकटे भावोजी म्हणाले, नोट अमेरिकेंत पाठवून प्रतवारी करून घ्यावी, म्हणजे किंमत ठरेल व वांटणीही होईल. थोरल्या वहिनींस तें रुचलें नाहीं. आम्हांस बोलावणें आलें. आम्ही पोंचलों तेव्हां सूनबाई नोट सरळ करावयास इस्त्री तापवीत होत्या! ती आधीं विझविली.

प्रतवारीची मोजपट्टी सत्तर गुणांची. विल्यम शेल्डन ह्यांनीं ती १९४९ सालीं नाण्यांकरितां मांडली, पुढें ती नोटांसही लागू झाली. पेपर मनी गॅरंटी ही अमेरिकन संस्था २००५ पासून हें काम करीत आहे. परीक्षक नोट खरी कीं खोटी हें पाहतात, गुण देतात, आणि पारदर्शक आवरणांत बंद करून ती परत धाडतात. कोऱ्या नोटेस साठ वा अधिक गुण. मधोमध एक घडी पडली कीं ती साठाच्या खालीं उतरते. पासष्टावर जाण्यास कागद मूळच्या स्थितींत हवा. धुतलेली वा इस्त्री केलेली नोट तिथें पोंचत नाहीं. टांचणीच्या भोकांची चिंता मात्र फारशी नको. आपल्या बँका गड्ड्या तारेनें टांचीत, आणि रिझर्व्ह बँकेनें ती रीत बंद करण्यास सांगितलें तें २००१ सालीं. परीक्षकांस हें ठाऊक असतें.

ह्या नोटेस चार घड्या, आणि एक कोपरा कसरीनें खाल्लेला. अशा नोटा दुर्मिळही नाहींत. शुल्क, टपाल, विमा मिळून खर्च नोटेच्या मोलावर जाईल, हें आम्हीं भावोजींस स्पष्ट सांगितलें. १९१८ सालची अडीच रुपयांची नोट असती, तर आम्हीच ‘पाठवा’ म्हटलें असतें. त्या नोटा १९२६ सालीं परत घेतल्या गेल्या. आज त्यांचें मोल मोठें, म्हणून नकलेचें भयही मोठें, व परीक्षकाच्या दाखल्यावांचून शहाणें गिऱ्हाईक पैसे मोजीत नाहीं. इथें तसा संशय कोणासच नव्हता.

शिवाय परीक्षकाच्या आवरणांत नोट जाते, चिठ्ठी जात नाहीं. भावोजी चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिले. आम्हीं सुचविलें तें इतकेंच : पीव्हीसीची पिशवी वापरूं नये, तिनें कागद बिघडतो, पॉलिएस्टरचें आवरण आणावें व दोन्ही एकत्र ठेवावीं. आवरण भावोजींनींच आणलें. नोट कोणाकडे राहावी हें अद्याप ठरलेलें नाहीं.